दादाचं कारपेट

आईच्या पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत सात पावलं आहेत. ही माझी सात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर वॉकर धरून चालणाऱ्या आईची तीच एकोणीस-वीस व्हायची. ती तिने चालूच नयेत म्हणून माझ्या भावाने सुरतहून डायपरचा खोका पाठवला. ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल आलं, वर मोठ्या अक्षरात माझं नाव आणि खाली ‘नाजूक माल’. तो खोका मांडीवर घेऊन रिक्षातून घरी येताना मला जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी नर्स होते. नोकरीची बहुतेक वर्षं धडगावला गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर नंदुरबारला आईजवळ राहायला आले. धडगावच्या दवाखान्यात खुबा मोडलेली बाई झोळीत घालून डोंगरावरून खाली आणलेली मी पाहिली आहे, आणि तीच बाई पुढे काठी टेकत केसपेपरच्या रांगेत उभी राहिलेलीही पाहिली आहे. त्या रांगेत तिला कुणी पुढे जा म्हटलं तर ती वर भांडायची. माणसाला चालतं ठेवायचं, बाकी सगळं नंतर, एवढं तरी मला नोकरीने शिकवलं होतं.

आई पडली ती दादाच्या सुरतच्या फ्लॅटमध्ये. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नातेवाइकांत पुढे जी गोष्ट फिरली तिच्यात आई नंदुरबारला, माझ्या राज्यात पडली असं झालं होतं. दादाच्या हॉलमध्ये तोंड बघावं अशी चकचकीत फरशी आहे. तिच्यावर कुणीतरी पाणी सांडलं होतं, आई पूजेची फुलं घेऊन निघाली होती, आणि पडली. ऑपरेशन तिथेच झालं. महिनाभराने दादा तिला गाडीतून घेऊन आला, पलंगावर झोपवलं, चहा घेतला, आणि परत गेला. सांभाळायला बहीण आहे म्हटल्यावर त्याला घाई होतीच.

आता त्या खोलीतल्या कारपेटबद्दल. ते दादाने आणलेलं होतं. सुरतला नोकरी लागली त्या काळात तो पडद्यांच्या आणि गालिच्यांच्या दुकानात होता. एका दिवाळीत तो एक जाडजूड वळकटी घेऊन रेल्वेतून उतरला आणि दोन दिवस खपून त्याने आईवडिलांच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत ते कारपेट सोल्युशन लावून चिकटवलं. आमच्या गल्लीत असं काही कुणी पाहिलं नव्हतं. पाहुणे आले की आधी खोली दाखवायची, मग पाणी द्यायचं. वडील गेले, खोलीचा रंग दोनदा बदलला, कारपेट तिथेच. मूळचा मरून रंग कधीच गेला होता. चालायच्या वाटेवर धागे सुटून त्याच्या कड्या झाल्या होत्या, आणि आईच्या वॉकरचे रबरी पाय नेमके त्या कड्यांत अडकायचे. पहिल्या आठवड्यात दोनदा मी तिला काखेत हात घालून सावरलं. दुसऱ्या वेळी तिचं सगळं वजन माझ्या मनगटावर आलं आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, कारण हलायची भीती वाटत होती.

मी दादाला फोन केला.

“दादा, ते कारपेट काढनं पडी.”

“काढू नको. इंपोर्टेड शे ते.”

“मायना पाय अडकस त्यामा.”

“मंग तिले चालू कसाले देस? खोका धाडेल शे ना मी.”

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला, आणि मग तो चालतोय का ते बघत बसले.

खरं सांगायचं तर दोन दिवस मीही तो खोका वापरला. मनगट सुजलं होतं, आईला उचलून धरणं मला शक्य नव्हतं. त्या दोन दिवसांत आईने काय केलं? तिने पाणी पिणं सोडलं. सकाळचा चहा ‘गोड लागस नही’ म्हणून परत केला, दुपारचं ताक परत केलं. डायपर ओला होऊ नये म्हणून ती तहान मारतेय हे एवढी वर्षं नोकरी केलेल्या नर्सला कळायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ व्हावी लागली, याची लाज मला अजून वाटते. मी रागावले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “माले चालू दे व पोरी.” आयुष्यात तिने माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही.

त्यात भेटायला येणारे. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून, तिच्यासमोर, ती तिथे नसल्यासारखं बोलायचे. “आता काय, एका जागी बसून देवाचं नाव घ्यायचं.” “पोरगी नर्स आहे, काळजी नाही.” एकीने तर आईच्या मांडीवर थोपटत मलाच विचारलं, “जेवतात का नीट?” आई पाच मिनिटांपूर्वी तिला भरिताची कृती सांगत होती! मी चहाचे कप जरा जोरातच गोळा केले.

तर कारपेट काढायचं ठरलं. पण काढून खाली काय? खाली निम्म्या खोलीत शहाबादी आणि निम्म्या खोलीत कोबा, कारण मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली होती. दोन्हींच्या मधे अंगठ्याएवढी पायरी. ती पायरी झाकायलाच मुळात दादाचं कारपेट कामाला आलं होतं, इंपोर्टेडच्या गप्पा नंतरच्या. टाइल बसवायच्या म्हटलं तर तो शब्द ऐकताच आई पलंगाची कड घट्ट धरायची. सुरतची फरशी तिच्या डोळ्यांसमोरून गेली नव्हती.

मला धडगावची माझी खोली आठवली. तिथे मी एका घराच्या माडीवर भाड्याने राहत होते, जमीन सागाच्या फळ्यांची. थंडीत पाय गारठायचे नाहीत, पावसाळ्यात घसरायचे नाहीत. आई यायची तेव्हा त्या फळ्यांवरून अनवाणी फिरायची आणि म्हणायची की घर पायाला बोलतं. आता सागाच्या फळ्या आणायच्या कुठून, पण पुठ्ठ्याच्या खोक्यात येणाऱ्या, एकमेकींत खटकन अडकणाऱ्या लाकडी पट्ट्या मी मोबाइलवर पाहिल्या होत्या. खिळा नको, सोल्युशन नको, फोडाफोड नको. त्या व्हिडिओतली बाई माझ्याच वयाची होती आणि दोन दिवसांत मोकळी झाली होती.

दुकानात गेले. दुकानदार ओळखीचाच, त्याच्या सुनेचं पहिलं बाळंतपण माझ्या हातचं. तो म्हणाला, “सिस्टर, साहेबांना घेऊन या ना, त्यांना माप वगैरे समजावतो.”

“साहेब नाहीत. कधीच नव्हते. माप हे घ्या.”

मी कागद पुढे केला. त्याने तो घेतला, आणि माझ्या मागे नळ घ्यायला उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला समजावून सांगायला लागला की पट्ट्या किती लागतील आणि किती वाया जातील. तो बिचारा मान हलवत होता. मी मधे म्हटलं, “यांच्या घरी बसवायच्या आहेत का?” तेव्हा कुठे दुकानदाराची मान माझ्याकडे वळली. बाळंतपणाला बाई चालते, फरशीला चालत नाही.

मग सुतार. तो आमच्या वडिलांच्या वेळचा, दारं-खिडक्या सगळ्या त्याच्याच. तो आला, कारपेटचा कोपरा उचलून पाहिला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, “लगीनसराई उरकू द्या ताई, मंग दखू.” लगीनसराईत त्याला नवरीच्या कपाटांची आणि पलंगांची कामं. ती उरकणार जेठात. तोवर आईने काय करायचं? मी म्हटलं, मग मी स्वतःच बसवते. तो हसला. वाईट हसला असं म्हणता येणार नाही, लहान पोरीला हसावं तसं हसला. “तुमनं काम नही शे ते, ताई.”

झालं. त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि पुढचे दहा दिवस ती तिथेच राहिली. खरं तर तिच्याच जोरावर काम झालं.

मिरचीचा हंगाम चालू होता. त्या दिवसांत गावाबाहेर पथाऱ्यांवर मैलभर मिरची पसरलेली असते आणि वारा फिरला की गावाला शिंका येतात. आम्ही जन्मापासून त्यातच वाढलो, आम्हाला तो वास कळतही नाही. पण दादाच्या कारपेटने वीसेक हंगामांची ती धूळ पोटात साठवून ठेवली होती. आईला मी पुढच्या खोलीत हलवलं, तोंडाला ओढणी बांधली, आणि कोपऱ्यातून पहिला पट्टा ओढला. पुढचा पाव तास मला काही दिसलं नाही. डोळे, नाक, घसा, सगळ्यातून पाणी. बाहेर आई शिंकत होती आणि शिंकांच्या मधे हसत होती. शेजारच्या काकू दारात येऊन ओरडल्या, “फोडणी जळली का?” मी म्हटलं, “हो, दादाची!” त्यांना काही कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

कारपेट निघालं, त्याच्या पाठीचं रबर निघेना. जमिनीला ते भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखं धरून बसलं होतं. खुरपं घेतलं, उकिडवी बसले आणि तीन दिवस खोली खुरपली. शेतात निंदणी करणाऱ्या बायका दिवसाचे दिवस असं बसतात, मला तिसऱ्या दिवशी उभं राहताना खांबाचा आधार लागला. प्रत्येक खुरप्यागणिक मी दादाला एक वाक्य ऐकवत होते. मनात म्हणायला गेले, पण बहुतेक मोठ्यानेच, कारण आई बाहेरून विचारायची, “कोनासंगे बोली ऱ्हायनी व?”

मग कोबा आणि शहाबादी एका पातळीत आणायचं काम. गवंड्यांकडे पाणी भरलेली लांब नळी असते, दोन टोकांचं पाणी बघून ते पातळी काढतात. माझ्याकडे सलाईनची नळी होती. दोन नळ्या जोडल्या, पाणी भरलं, एक टोक आईच्या हातात दिलं. ती उंबऱ्याशी खुर्चीवर बसून ते टोक इतकं स्थिर धरायची की मला शंका यायची ही श्वास घेतेय ना. “पानी वर उनं,” ती सांगायची, “आते खाले गयं.” मी सिमेंट-वाळू कालवून खोल बाजू भरत होते. एकदा तिने सांगितलेलं मी मानलं नाही, मला घाई होती. दुसऱ्या दिवशी सिमेंटवर मारलेलं पाणी तिथे दोन बोटं साचलं. मी भरलेलं सगळं काढून परत भरलं, आणि तिने नळीचं टोक पुन्हा उचललं.

पट्ट्यांची खोकी आली. त्यांच्यावर लिहिलं होतं की बसवण्याआधी ती दोन दिवस त्याच खोलीत ठेवावी. आई म्हणाली, “लाकूडले बी मुक्काम लागस का?” आम्ही दोन दिवस थांबलो. मग मी पहिली ओळ लावली, दुसरी, तिसरी, आणि चौथी काही केल्या बसेना. ठोकून पाहिली, शिव्या देऊन पाहिली. व्हिडिओ परत लावला तेव्हा कळलं, पहिली ओळच मी उलटी लावली होती, ज्या बाजूला खाच हवी तिथे जीभ. तीनही ओळी काढल्या. दोन पट्ट्यांच्या कडा मोडल्या. त्या मोडक्या पट्ट्या दादाच्या डोक्यात घालाव्यात असं मला वाटलं, जरी त्यात त्याचा काही दोष नव्हता. दोष नसताना त्याच्यावर चिडायची तेवढी एकच संधी होती आणि ती मी सोडली नाही.

पुन्हा सुरुवात केली. पट्टी थेट ठोकायची नाही, मधे लाकूड धरायचं, म्हणून जुन्या पाटाचा तुकडा घेतला. करवत चालवायचा दम मला नव्हता, म्हणून पट्टीवर गुडघा रोवून हळूहळू कापायची. आई उंबऱ्यावरून माझ्या प्रत्येक ओळीची झडती घ्यायची. “ती फट दिसी ऱ्हायनी.” “नाही दिसत.” “दिसी ऱ्हायनी.” मी वाकून बघायची, फट असायची. भिंतीच्या कडेला मात्र बोटभर फट मुद्दाम ठेवायची होती, उन्हाळ्यात पट्ट्या पसरतात म्हणून. काकूंनी ती बघितली आणि व्हाइट सिमेंट घेऊन यायला निघाल्या, विंचू शिरतील म्हणाल्या. त्यांना मी अक्षरशः दारात हात आडवे करून थांबवलं.

अकराव्या दिवशी शेवटची पट्टी बसली. माझ्या गालांवर भुसा, नखांत सिमेंट. संध्याकाळी आईच्या हातात वॉकर दिला. ती उंबरा ओलांडून आत आली आणि थांबली. मग निघाली. वॉकरचे पाय पट्ट्यांवर ठक ठक वाजत होते आणि कुठेही अडकत नव्हते. बाथरूमच्या दारापर्यंत गेली, तिथे काही काम नव्हतं, म्हणून वळली आणि परत आली. पलंगावर टेकली, घटकाभर बसली, आणि पुन्हा गेली. मी मोरीच्या नळाखाली हात धूत रडले. आनंदाने रडले असं म्हणतात लोक, पण त्यात राग बराच होता. एवढ्याशा गोष्टीसाठी तिला तहानलेलं ठेवलं होतं आम्ही.

त्या दिवसापासून आईने चहा दोनदा मागायला सुरुवात केली.

सुतार मागाहून आला, दोन लग्नांच्या मधे सवड काढून, माझं काम बघायला. त्याने नखाने पट्टीची कड खरवडली, वास घेतला. “ताई, हे लाकूड नही. दाबेल भुसा शे. वरथून लाकूडनं चित्र शे.” मग म्हणाला, “बठाडं मात्र चोखं. याले पानी दखाडू नका, फुगी जाई.” बसवल्याचं कौतुक बाजूलाच राहिलं, मला बाकी दोन्ही वाक्यांचा राग आला. पहिल्याचा, कारण ते खरं होतं आणि दुकानदाराने ते माझ्यामागच्या त्या नळवाल्यालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याचा, कारण आमच्या घरात पाण्याशिवाय जमीन स्वच्छ होते हे कुणाला पटवणार?

आमच्याकडे घर पुसत नाहीत, धुतात. सणाला तर बादल्यांनी. पाणी फेकायचं, खराट्याने खसाखसा घासायचं आणि दाराबाहेर लोटायचं. कामाला येणाऱ्या बाईला मी चारदा बजावलं, ओलं फडकं, तेही पिळून. आईलाही सांगितलं. ती म्हणाली, “पुसेल घर नि धुयेल घर एकच शे का?” मी म्हटलं, या खोलीत एकच. तिने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. मी मात्र होकार धरून चालले.

अखाजी आली. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेला सोनं घेतात म्हणे. आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. पाण्याने भरलेली मातीची घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. वडिलांची घागर दरवर्षी त्याच खोलीत मांडायची, कारण त्यांचा पलंग तिथे होता. घागर भरायला मुलगा लागतो, म्हणून दादा सुरतहून दहाच्या गाडीने येणार होता. मी सकाळी सहालाच घागर आणि डांगर आणायला बाजारात गेले. आईला सांगितलं, अंथरुणातच राहा, मी आल्यावर उठवते.

सातला परत आले तर खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाण्याचा ओघळ. आत सगळ्या पट्ट्या ओल्याचिंब, चमकत होत्या, आणि पलंगाखाली डबकं. खराटा भिंतीला टेकवलेला. आई पलंगावर बसली होती, लुगड्याचे काठ ओले, चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान. “चोखं व्हयी गयं,” ती म्हणाली.

मी घागर खाली ठेवली आणि कपाटातल्या चादरी, टॉवेल, जुनी गोधडी, जे हाताला लागेल ते जमिनीवर टाकत सुटले. पाणी फटींतून खाली गेलं होतं, दाबलं की बुडबुडे यायचे. त्याच हाताने फोन उचलून मी कामाच्या बाईला लावला आणि तिच्यावर तुटून पडले. चारदा सांगितलं होतं, कान कुठे ठेवतेस, सणासुदीला येऊन नुकसान करतेस. “अव, आयक ना,” आई मधे म्हणाली. मी हात हलवून तिला गप्प केलं. तिकडून ती बाई काहीतरी सांगत होती, मी तेही ऐकलं नाही, फोन बंद केला.

दादा आला तोवर सांध्यांच्या कडा वर यायला लागल्या होत्या. जेवणाच्या वेळेपर्यंत पलंगापासून दारापर्यंत चार ओळी फुगल्या, चपलेविना चालताना बोटाला कळाव्यात इतक्या. घागर भरून झाली, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकून झाली, पानं वाढायची होती, आणि दादा अंगठ्याने त्या कडा दाबून बघत होता.

“मी सांगेल व्हतं ना?” तो म्हणाला. “इतला सुंदर कारपेट फाडी टाका. आते अडकी ना पाय? माय, चाल मन्हासंगे सुरतले. तठे बाई ठेवसू. आठे ऱ्हायनी ते परत पडशी.”

मी फुटलेच. म्हटलं, जिथे पडली तिथेच परत नेतोस? माझ्या फरशीत खोट नव्हती, ही त्या बाईची करणी, सांगितलेलं ऐकत नाहीत ही माणसं. मी आवाज चढवून बोलत होते आणि दादा त्याहून चढवून.

“ती उनीच नही आज,” आई म्हणाली. “तिन्हा घर बी अखाजी शे. पानी मी टाकं.”

दादाने अंगठा पट्टीवरून उचलला.

“मोरीमाथून बादली कोन्ही आनी?” मी विचारलं.

“मीच.”

“वॉकर धरीसन बादली कशी आनी?”

“वॉकर आठेच व्हता,” तिने पलंगाच्या उशाकडे बोट दाखवलं. “भितले हात लायीसन गवू. अर्धी अर्धी बादली, दोन येळा. तुन्हा बापनी घागर बिना धुयेल घरमा कशी मांडू?”

खुब्यात पट्टी आणि स्क्रू असलेली बाई, भिंतीला हात लावून, पाण्याची बादली घेऊन, त्या खोलीत दोनदा चालली होती. वर खराट्याने खोली घासली होती. एवढी वर्षं मी लोकांना चालतं केलं, पण असा पेशंट माझ्या हातून एकही झालेला नाही. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते असं होतं:

“तुले कोन्ही सांगेल व्हतं? पडनी असती म्हणजे? आते मन्हाबिगर पलंगवरनं उतरू नको. बस एका जागी!”

“तेच मी म्हणी ऱ्हायनू,” दादा म्हणाला. लगेच, अगदी मनापासून. वर्षभरात आमचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं.

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

“मंग कारपेटच काय खराब व्हतं?” ती म्हणाली.

मला दिसलं की फळ्या बसवल्या त्या संध्याकाळनंतर मी घरात असताना ती एकदाही एकटी चालली नव्हती. माझा एक हात कायम तिच्या पाठीशी. बाथरूमची कडी लावायची नाही, हा नियम माझा. दार लोटून बाहेर मी उभी, आणि दर मिनिटाला “झालं का?” हेही माझंच. कामाच्या बाईला न केलेल्या गोष्टीसाठी मी सणाच्या सकाळी फाडून खाल्लं होतं, तेही आईने ऐकलं होतं. दादावर मी इतके महिने चिडले, आणि कारपेट काढून त्याच्या जागी मी स्वतः बसले होते.

आई उठली. वॉकर ओढून घेतला, फुगलेल्या ओळी टाळून भिंतीच्या कडेने निघाली. ठक, मग पाऊल, मग ठक. दादा उठायला लागला. “बस,” मी म्हटलं, आणि त्याचं मनगट धरलं. माझंही सगळं अंग उठायला बघत होतं, पाय पुढे सरकलेच होते, ते मी मागे घेतले.

ती दारात पोचली. आत गेली. तिने दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. पानावरची डाळ निवत होती. आम्ही दोघं बहीणभाऊ तिथेच बसून राहिलो, आणि ती कडी परत उघडेपर्यंत मी तिला एकदाही विचारलं नाही, झालं का म्हणून.